पोच्याचा उलटा हिशेब

'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत वॉचमनचा हात हलत राहिला, आणि त्याच्या तोंडून 'बस' निघेपर्यंत स्टिल्टमधल्या सात नंबरच्या खांबाने गाडीच्या मागच्या दाराला आमटीच्या वाटीएवढा पोचा पाडला होता. आवाज फार मोठा झाला नाही. तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर कोणी कोपर टेकावं, तेवढाच. मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीतल्या निवृत्त गृहस्थांनी खाली उतरून पोच्यावरून हात फिरवला, वॉचमनकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि काही न बोलता ते वर गेले. गाडी सेकंडहँड, चार वर्षांपूर्वी घेतलेली. पण दर रविवारी स्वतःच्या हाताने पुसलेली गाडी सेकंडहँड राहत नाही, असं त्यांचं मत.

"अहो, त्यात काय एवढं? आपल्या पितळी तपेल्याला याच्या दुप्पट पोचा आहे," बायको म्हणाली.

तपेल्याचा पोचा तीस वर्षांचा, आणि त्यामुळे त्यातली खीर कधी कमी गोड झाली नाही. युक्तिवाद बिनतोड होता. पण तपेलं काही रोज सकाळी सगळ्या सोसायटीसमोर उभं नसतं.

उपनगरात गाडीला पोचा यायला निमित्त लागत नाही. बोरिवलीला माडाखाली गाडी लावली की टपावर नारळ येतो. साकीनाक्याच्या सिग्नलला दोन गाड्यांच्या फटीतून जाणारी मोटारसायकल हँडलाचं टोक दारावर टेकवून जाते. घाटकोपरच्या चढावर पुढचा ट्रक जरासा मागे सरकतो. एलबीएस मार्गावर मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे राहिले, तेव्हापासून तिथे दोन गाड्यांमधलं अंतर बोटांनी मोजायचं. आणि रिक्षा आहेतच. रिक्षांना माहीम आणि शीवच्या पलीकडे शहरात मज्जाव आहे, त्यामुळे रिक्षाने पाडलेला पोचा ही खास उपनगरांची मिरास. कुलाब्याच्या माणसाला ती मिळत नाही.

विम्याचा विचार गृहस्थांनी केला आणि सोडला. एक वर्ष दावा न करता गेलं की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती वर्षागणिक वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते, आणि एक दावा केला की पुन्हा शून्य. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये मालकाच्या खिशातून. वाटीएवढ्या पोच्यासाठी चार वर्षांची सूट घालवणं हा शुद्ध वेडेपणा. पोचा घरी किंवा गल्लीत काढण्याची सगळी विद्या या हिशेबावर जगते, हे कोणी बोलून दाखवत नाही इतकंच.

तेव्हा घरगुती उपाय. पाचव्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने पहिला सुचवला: मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप. पोच्याला पाणी लावायचं, पंप दाबून हवा काढायची आणि खेचायचं. यामागचं गणित भक्कम आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या रबरी वाटीचं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. आतली हवा पूर्ण गेली, तर खेच जवळजवळ ऐंशी किलोंची, म्हणजे एक भरला माणूस दाराला लोंबकळल्यासारखी. पूर्ण हवा अर्थात कधीच जात नाही; निम्मी गेली तरी चाळीस किलो हातात राहतात.

गृहस्थांनी पंप लावला, पाय भिंतीला टेकवला आणि खेचला. पंप सुटला, ते मागच्या ॲक्टिव्हावर बसले, पोचा जागेवर राहिला.

दुसरा उपाय हेअर ड्रायर आणि बर्फाचा. पत्रा तापवायचा, मग एकदम थंड करायचा, तो आकसून आपोआप उडी मारून बाहेर येतो अशी ख्याती. या ख्यातीला बेरीज-वजाबाकीचा आधार थोडा आहे. पोलाद एका अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांतले बारा भाग एवढंच वाढतं-आकसतं. साठ अंशांचा फरक पाडला, तरी दहा सेंटिमीटर पत्रा हलणार ०.०७ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदापेक्षा कमी. काही पोचे याने निघतात, नाही असं नाही. तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळ दाबला की 'टकाक' करून आत जातो आणि मागून टिचकी मारली की 'टकाक' करून बाहेर येतो, तसा नुसता उलटलेला, कुठेही न मोडलेला पत्रा असेल तर त्याला निमित्तच हवं असतं. पंपानेही तोच निघतो, बर्फानेही तोच, आणि कधी कधी दार जोरात आपटल्यानेसुद्धा. प्लॅस्टिकच्या बंपरचं मात्र वेगळं. तो पॉलिप्रॉपिलीनचा. उकळतं पाणी ओतलं की सैलावतो, आणि मागून हाताने ढकलला की आपली मूळ ठेवण आठवून जागेवर येतो. बंपरवर चहाच्या पातेल्यातलं पाणी ओतून किमयागार ठरलेले लोक प्रत्येक सोसायटीत एक-दोन असतात. तेच मग पत्र्यालाही उपाय सांगत सुटतात.

दाराच्या पोच्याला वरच्या अंगाला एक कड होती. नखाला लागेल अशी, करंजीच्या काठासारखी. गृहस्थांना तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नाही.

तिसरा प्रयोग त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला, आणि खरं सांगायचं तर तो तिन्हींत हुशारीचा होता. पोचा काढायच्या धंद्यात एक हत्यार मिळतं: दोन पायांचा छोटा पूल, मध्ये स्क्रू. पोच्याच्या मधोमध गरम गोंदाने एक बुटकी खुंटी चिकटवायची, पुलाचे पाय पोच्याच्या बाहेर टेकवायचे आणि स्क्रू फिरवत खुंटी हळूहळू वर ओढायची. गृहस्थांनी माळ्यावरचा भेगाळलेला पोळपाट काढला. त्याला तीन पाय आयतेच. मधोमध भोक पाडलं, त्यातून बोल्ट आणि विंग नट, पायांना खुर्चीच्या रबरी टोप्या. खुंटीच्या जागी कॅरमची काळी सोंगटी. तिलाही भोक पाडून बोल्टचं डोकं आत बसवलेलं. गोंदाची बंदूक गणपतीच्या मखरासाठी घेतलेली, ती वर्षभर रिकामीच असते. गोंद नंतर सोडवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. करोनाच्या वर्षांत आणलेल्या सॅनिटायझरच्या दोन बाटल्या अजून कपाटात होत्या. एकूण खर्च शून्य. बायकोने दारातून पाहिलं आणि विचारलं, "आता लाटणं पण नेणार का?"

सोंगटी चिकटली. नट अर्धा फेरा, पुन्हा अर्धा फेरा. पोच्याचा तळ डोळ्यांदेखत वर येऊ लागला, गृहस्थांचा श्वास अडकला, आणि 'चर्र' करून सोंगटी सुटली. सोबत पाच रुपयांच्या नाण्याएवढा रंगही घेऊन आली. खाली राखाडी थर. त्याखाली आणखी एक, पिवळट.

कारखान्यात भाजून बसवलेला रंग गोंदाच्या ओढीला सहसा दाद देत नाही. नंतर कोणीतरी मारलेला देतो. फ्रीजवरचं माथेरानचं लोहचुंबक आणून त्यांनी दारावर टेकवलं. पुढच्या दाराला घट्ट बसलं, मागच्या दाराला मात्र खालच्या बाजूला घरंगळून पडलं. चार वर्षं ते जो पत्रा समजून पुसत होते, त्यात हाताएवढ्या भागावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती.

डेंटरचं गॅरेज भांडुपच्या अलीकडे, एलबीएस मार्गावरून आत वळणाऱ्या गल्लीत. गॅरेज म्हणजे एक गाळा, पुढे निळी ताडपत्री आणि रस्त्याचा जेवढा भाग महापालिकेच्या नजरेतून सुटेल तेवढा. डेंटर खेडकडचे, पासष्टीचे. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी दाराकडे पाहण्याआधी गृहस्थांकडे पाहिलं.

"कशी लागली?"

"खांबाला. मागे घेताना."

"ते कळलं. पण आधी काय टेकलं? खालचं अंग का वरचं? गाडी वळत होती का सरळ होती? लागल्यावर पुढे घेतली का तशीच घासत नेली?"

गृहस्थांना काहीच सांगता येईना. ते वॉचमनकडे बघत होते, खांबाकडे नाही. मामांनी मान हलवली आणि स्वतःच वाचायला बसले. उकिडवं बसून डावा तळवा दारावर सपाट ठेवला, आणि मनगटापासून नव्हे, खांद्यापासून हात फिरवला. बोटांच्या टोकांना खरखर कळते, उंच-सखल कळतं ते तळव्याला. कधी कधी ते तळव्याखाली पातळ फडकं घेतात. मग खरखर मध्ये येत नाही, नुसता उतार लागतो. नंतर ट्यूबलाइट दाराशी आडवी धरायला लावली. चांगल्या पत्र्यावर तिचं प्रतिबिंब सरळ रेघ दिसतं. इथे ती रेघ पोच्याच्या काठाशी गाठ मारल्यासारखी वळली.

"हे दार आधी एकदा काढलंय. घाईत काढलंय. भोकं पाडून खेचलं आणि लांबी थापली." मग वरच्या कडेवर अंगठा ठेवून म्हणाले, "तुमचा खड्डा कुठंय, इथं? नाही. खड्डा झाला आधी. शेवटी ही कड मोडली, ती आता खड्ड्याला धरून बसलीय. तुम्ही मधे खेचत होता."

या एका वाक्यात पोच्याचं सगळं शास्त्र आलं. जगभरचे पत्रा ठोकणारे ते आपापल्या भाषेत सांगतात: जे शेवटी मोडलं ते आधी सरळ करायचं, आणि जे आधी मोडलं त्याच्याकडे शेवटी जायचं. अपघाताची फिल्म उलटी फिरवायची. खड्ड्याचा खोलगट तळ बहुतेक वेळा नुसता ओढला गेलेला असतो; त्याला मोकळं केलं तर तो अर्धा स्वतःच परत येतो. त्याला मोकळं होऊ देत नाही ती भोवतालची वर आलेली कड. म्हणून मध्ये हलका ताण ठेवून कडेवर हातोडीने बारीक ठोके द्यायचे. ओढणं आणि ठोकणं एकाच वेळी, विरुद्ध दिशांना.

कडच का हट्टी, याचं उत्तर पुण्यात कसबा पेठेत मिळतं. तिथल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. ओळीने ठोके मारून सगळ्या अंगावर चकचकीत खळ्या उठवायच्या. ते नुसतं दिसायला नसतं. ठोका खाल्लेला धातू कडक होतो, पातळ पत्र्याचं भांडं त्याने ताठ उभं राहतं. तांबट प्रत्येक भांड्याला शेकडो पोचे पाडतो आणि लोक त्याचे जास्त पैसे देतात. मोटारीच्या दाराला खांबाने एकच पाडला. पण नियम दोघांना एक: जिथे पत्रा दुमडला तिथे तो शेजाऱ्यांपेक्षा कडक झाला, आणि बाहेर खेचायला गेलं की कडक भाग तसाच राहून मऊ शेजारी ताणले जातात. नवशिक्याने काढलेल्या पोच्याभोवती दिसणाऱ्या लाटा त्या याच. तांबटाला यावर सोपा उतारा आहे: भांडं लाल तापवून पाण्यात बुडवलं की तांबं पुन्हा लोण्यासारखं होतं. डेंटरला रंगवलेल्या दाराशी ती चैन परवडत नाही.

मामांनी गाळ्याच्या भिंतीवरची हत्यारं उतरवायला सुरुवात केली, आणि गृहस्थ दार विसरून त्यांच्याकडे बघत बसले. विकतची हत्यारं होती, एका डब्यात, बऱ्यापैकी स्वच्छ, म्हणजे फारशी न वापरलेली. खिळ्यांना लटकत होती ती सगळी घरची. ट्रकच्या पाट्यातून कापलेल्या तीन लांब चपट्या पट्ट्या, टोकं वेगवेगळी वाकवलेली आणि घासून आरशासारखी केलेली. पाट्याचं पोलाद स्प्रिंगचं; दाबलं तर वाकतं आणि सोडलं की परत येतं, स्वतः पोचा घेत नाही. म्हणून दुसऱ्याचा पोचा काढायला ते उत्तम. एक रुळाचा वीतभर तुकडा, ऐरण म्हणून. एक्सलचे गोल काप. लाकडी मोगरी. वाळू भरून शिवलेली चामड्याची पिशवी, तिच्यावर पत्रा ठेवून ठोकला की खालून मार लागत नाही. छत्रीच्या दांड्यासारखी एक वाकडी सळई, तिचं काम विचारल्यावर मामा म्हणाले, "एका वॅगनआरच्या डिकीसाठी केली होती. तिथं हात जात नाय." पोचा निघाला, गाडी गेली, सळई राहिली. त्या भिंतीवरचं जवळजवळ प्रत्येक हत्यार असं कुठल्यातरी एका पोच्यासाठी जन्मलेलं, आणि कुठल्यातरी मेलेल्या गाडीच्या हाडापासून केलेलं होतं.

त्यात एक लोखंडी गोळा वेगळा होता. मुठीत बसणारा, एका अंगाला सपाट, दुसऱ्या अंगाला फार सुरेख गोलाई. या गोळ्याला डॉली म्हणतात; पत्र्याच्या मागे धरायचा आणि पुढून हातोडी मारायची. ही गोलाई आजच्या कुठल्याही गाडीला जुळत नाही. ती पद्मिनीच्या पुढच्या मडगार्डची.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी क्रायस्लरच्या, पुढे फियाटच्या. पन्नासच्या दशकातल्या गुबगुबीत फियाट ११०० ला मुंबईने लगेच 'डुक्कर फियाट' नाव दिलं. १९६४ साली डिलाइट आली, आणि तीच नावं बदलत पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. त्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मडगार्ड चेपलं म्हणून बदलायचं, ही कल्पनाच कोणाला शिवत नसे. पत्रा जाड होता, मार खात होता, आणि ठोकणाऱ्याला वेळ देत होता. कारखान्याच्या आसपास कुर्ल्यात ठोकाठोकीची गॅरेजं उगवली. मामा तिथेच पोऱ्या म्हणून लागले आणि टॅक्सींवर शिकले. डॉली त्यांच्या उस्तादांनी एक्सलच्या तुकड्यातून महिनाभर कानस चालवून, मडगार्डच्या आतून लावून बघत बघत उतरवलेली. आयटीआयमध्ये शीट मेटलचा कोर्स आहे, दाखला मिळतो. उस्तादांच्या शाळेत दाखला म्हणजे ही डॉली.

२००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती काळी-पिवळी गेली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. डॉलीला कोणी निरोप दिला नाही. ती अजून मामांच्या पावतीपुस्तकावर ठेवलेली असते, पंख्याने पानं उडू नयेत म्हणून.

आजच्या गाडीच्या दाराचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटर. तो उस्तादांच्या ठोक्यांना तयार नाही. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली, तेव्हापासून दारांच्या आतली आडवी मजबुती आणखी महत्त्वाची झाली. ती जीव वाचवते, आणि पोच्याच्या मागे हात घालायची वाट अडवते. दोन दारांमधल्या खांबात तर असं कडक पोलाद असतं की गॅसची ज्योत लावली की त्याचा कडकपणाच उतरतो. बाहेरून दिसायला चकाचक, पुढच्या अपघातात मऊ. "तिथं मी हात लावत नाय," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक बोलतो, ठोकून द्या. मी बोलतो, कंपनीत ने." एवढ्या बाबतीत ते हटवादी आहेत, आणि बरं आहे.

मग खेचायच्या हत्याराकडे वळावं लागतं. मामांचं आहे ते असं: हातभर सळई, मागच्या टोकाला आडवी मूठ, मधे सळईवर मागेपुढे घसरणारं वजन. वजन म्हणजे व्यायामशाळेतल्या डंबेलच्या दोन चकत्या वेल्डिंगने जोडून मधलं भोक साकीनाक्याच्या लेथवर मोठं केलेलं. पुढचं टोक पत्र्याला अडकवायचं आणि वजन झटक्यात मागे आपटायचं. हाताने ओढलं तर सगळं दारच सोबत येऊ बघतं. झटका इतका आखूड असतो की बाकीच्या पत्र्याला हलायला वेळच मिळत नाही, अडकवलेला ठिपका तेवढा येतो.

प्रश्न अडकवायचं कसं हा. जुनी रीत म्हणजे पोच्यात भोकं पाडायची, स्क्रू घालायचे, खेचायचं आणि वर लांबी भरायची. गृहस्थांच्या दाराचं आधी हेच झालं होतं. लांबी वाईट नाही; पातळ हात मारला तर वर्षानुवर्षं टिकते. तीन मिलिमीटरच्या वर गेली की तडकते. आणि भोकं उघडीच राहिली तर मुंबईची हवा मागल्या बाजूने आत शिरते, खारी आणि ओली. इथे उघडा पत्रा पावसाळ्यात रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असतो. पावसाळा तसाही डेंटर-पेंटरचा वैरी. दमट दिवशी साधा लॅकर मारला की रंगावर पांढुरकी साय धरते, मग घासा आणि पुन्हा मारा.

नवी रीत भोकाशिवायची: पत्र्यावर वॉशर उभे टाके देऊन वेल्ड करायचे, त्यांना आकडा लावून खेचायचं, मग पिरगाळून तोडायचे. याचं मशीन विकत मिळतं. गल्लीच्या टोकाच्या एका रिवाइंडिंगवाल्याने भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरची दुसरी गुंडाळी काढून, जाड केबलचे दोन वेढे घालून मामांना घरीच करून दिलं आहे. चालतं झकास. पण ओव्हन उघडताना त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही माणूस मारण्याइतका भार धरून असतो, हे रिवाइंडिंगवाल्याला माहीत असतं आणि हौशी माणसाला नसतं. घरगुती हत्यारांच्या कौतुकात ही ओळ राहून जाऊ नये.

दाराचं काम दोन तास चाललं. आधी जुनी लांबी खरवडून काढली. तिच्याखाली सहा भोकं, कडेने गंजलेली. दाराचं आतलं आवरण काढून, काचेच्या फटीतून पाट्याची मधली पट्टी आत सरकवली. मामा आत बघत नव्हते, बघता येणारही नव्हतं. पट्टीचं टोक कुठे टेकलंय ते बाहेरच्या तळव्याला कळत होतं. पोऱ्याने वॉशर ओढून धरले. मामा कडेवर हातोडी चालवत होते, इतकी हलकी की शेजारच्या चहावाल्याचा स्टोव्ह मोठा वाटावा. खड्ड्याला कोणी हात लावला नाही. कड खाली बसत गेली आणि खड्डा, कोणी सांगितल्यासारखा, वर येत गेला. शेवटी 'टक्' असा एक आवाज झाला. खांबाला लागताना झाला होता तसाच, पण उलट्या बाजूने.

एका ठिकाणी पत्रा ताणून सैल झाला होता, बोटाने दाबला की टकटक करत होता. तिथे मामांनी नाण्याएवढा ठिपका गॅसने लाल केला, भोवती दोन ठोके दिले आणि ओल्या फडक्याने एकदम थंड केला. ताणलेला पत्रा आकसून घट्ट झाला. बर्फ आणि हेअर ड्रायरवाले ज्याची नक्कल करू बघतात ते हे असावं. फरक काहीशे अंशांचा आहे. मग सहा भोकं टाक्यांनी बुजवली, कानस फिरवली. जिथे उंच तिथे चमक आली, सखल तिथे काळं राहिलं, आणि दारावर नकाशासारखं काहीतरी उमटलं. लांबी लागली, पण चुंबक धरेल एवढी पातळ. गृहस्थांनी माथेरानचं चुंबक खिशातून आणलंच होतं.

पैसे देताना त्यांनी थोडं लाजत पिशवीतून पोळपाट काढला. मामांनी तो हातात घेऊन उलटा केला, विंग नट फिरवून पाहिला, सोंगटीतला बोल्ट हलवून पाहिला. हसतील असं गृहस्थांना वाटलं होतं.

"कंपनीचा रंग असता तर चाललं असतं," मामा म्हणाले. "तीन पाय बरे केले. दोन पायांचं कलंडतं. ठेवू का इथं?"

पंधरा दिवसांनी रंग पक्का झाला का ते दाखवायला गृहस्थ पुन्हा त्या गल्लीत गेले. मामा जेवायला गेले होते. पोऱ्या एका लाल छोट्या गाडीच्या मागच्या चाकावर वाकून बसला होता, गोंदाची बंदूक तापत होती, आणि चाकाच्या कमानीवर पोळपाट उभा होता. त्याचा एक पाय कानशीने अर्धं बोट कमी केलेला होता.